नावाची ओळ

२०२४च्या सुरुवातीला 'एक्सप्रेस' या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या मंडळींकडे सारख्याच मजकुराच्या विनंत्यांचा ढीग साचू लागला. एक्सप्रेस हे नोड जेएसवर चालणारं फ्रेमवर्क आहे. वेबसाइटची पडद्यामागची बाजू उभी करायला जगभरचे प्रोग्रॅमर ते वर्षानुवर्षं वापरतात. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या दर्शनी भागात 'रीडमी' नावाची एक फाइल असते: हे काय आहे, कसं बसवायचं, कसं चालवायचं, याची माहिती देणारी. आलेल्या विनंत्यांमध्ये पाठवणाऱ्याने या फाइलमध्ये स्वतःचं नाव घातलेलं होतं. कोडमध्ये काहीही बदल नाही. नाव तेवढं ठेवून घ्या, एवढीच मागणी.

कारण लवकरच सापडलं. कोडमधले बदल सांभाळणारी गिट आणि गिटहब ही साधनं शिकवणाऱ्या एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब चॅनेलच्या व्हिडिओत, बदल कसा पाठवायचा याचं प्रात्यक्षिक दाखवताना उदाहरण म्हणून एक्सप्रेस घेतलं होतं. पाहणाऱ्यांनी पाहिलं तसं केलं. आपण ज्याला सरावाचं मैदान समजतोय ते जगाच्या रोजच्या वापरातलं सॉफ्टवेअर आहे, तिथे प्रत्येक विनंती कुणीतरी माणूस उघडून पाहतो, हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

परदेशात यावर बरीच टिंगल झाली. मला त्या मुलांचा राग येत नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत त्यांनी काय पाहिलेलं असतं? जर्नल लिहायचं, प्रिंटआउट चिकटवायचे, इंडेक्सच्या पानावर सरांची सही घ्यायची, टर्मवर्कचे गुण पदरात पाडून घ्यायचे. आतला प्रयोग आपण केला की सिनियरच्या जर्नलवरून उतरवला, हे कुणी विचारत नाही. त्यात प्लेसमेंटवाल्यांनी सांगितलेलं, की गिटहबचं प्रोफाइल 'हिरवं' दिसलं पाहिजे. तिथे ज्या दिवशी काम नोंदवाल त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. मग मुलं चौकोन हिरवे करायच्या मागे लागली तर नवल काय?

असं पहिल्यांदाच घडलं होतं असंही नाही. डिजिटलओशन ही कंपनी २०१४पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. २०२० साली नियम असा होता, की चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. महिन्याच्या पहिल्याच दिवशी जगभरच्या प्रकल्पांवर 'उत्कृष्ट प्रकल्प' अशी एखादी ओळ रीडमीत घुसडणाऱ्या विनंत्यांचा पाऊस पडला. दोन-तीन दिवसांत आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांची तयारी असेल त्यांनीच सामील व्हावं. यात भारतीय विद्यार्थी पुष्कळ होते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

थोडी ओळख करून देतो. ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कुणालाही वाचता येतो, स्वतःची प्रत काढून तिच्यात फेरफार करता येतो. तो फेरफार मूळ प्रकल्पात घ्यावा म्हणून केलेली विनंती ती पुल रिक्वेस्ट. मुलांच्या बोलण्यात नुसतं 'पीआर'. जुन्या वळणाच्या प्रकल्पांत हाच बदल ईमेलने जातो, त्याला पॅच म्हणतात. विनंती आली की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, ती वाचतो, चुका काढतो, दुरुस्त्या मागतो आणि पटलं तर मूळ कोडमध्ये मिसळतो. मुलांना एवढी वाट माहीत असते. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

ते कळायला २०२४च्याच मार्चमधली दुसरी घटना पाहायला हवी.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर. नाव फार कुणाला ठाऊक नाही, पण लिनक्सवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक यंत्रात ते असतं. लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रॅमर ते वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. ऑक्टोबर २०२१मध्ये 'जिया टॅन' नावाच्या एका नवख्याने त्याला पहिला पॅच पाठवला. एडिटरमध्ये कोड कसा मांडला जावा हे ठरवणारी एक लहानशी फाइल होती ती. निरुपद्रवी, उपयोगी, नियमात बसणारी. कुठल्याही शिकवणीत 'पहिलं योगदान कसं असावं' म्हणून दाखवावी अशी. मग आणखी पॅच आले, नेटके आणि वेळेवर. २०२२मध्ये 'जिगर कुमार' आणि अशाच दुसऱ्या एका अनोळखी नावाने कॉलिनच्या मागे भुणभुण सुरू झाली: काम फार हळू चाललंय, दुसरा कुणीतरी नेमा. कॉलिनने उत्तर दिलं, की हे बिनपगारी, छंदाचं काम आहे आणि आपली तब्येतही बरी नसते. शेवटी त्याने जिया टॅनच्या हाती किल्ल्या दिल्या.

फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा होता. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या एसएसएच या यंत्रणेपर्यंत पोचणारा. तो जगभर पसरायच्या आत पकडला गेला तो आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यामुळे. हा माणूस पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. डेबियनच्या 'अस्थिर' आवृत्तीवर मोजमापं घेत असताना त्याला दिसलं, की लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो चोरदरवाजापर्यंत गेला आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. जिया टॅन कोण होता, एक माणूस की टोळी, हे आजही उजेडात आलेलं नाही.

या दोन गोष्टी वरवर एकमेकींच्या उलट आहेत. एकीकडे घाईत नाव डकवणारी पोरं, दुसरीकडे अडीच वर्षं संयमाने सभ्यपणा पाळणारा भामटा. पण दोन्ही घाव एकाच जागी बसतात: दिवसाची नोकरी आटपून रात्री दुसऱ्याचा कोड वाचत बसलेल्या माणसावर. बदल लिहायला दहा मिनिटं लागली तरी तो नीट वाचून, चालवून, त्याने दुसरीकडे काही मोडत नाही ना हे बघायला तास जातो. आणि आता भाषिक मॉडेलकडून कोड लिहून घेता येऊ लागल्यावर पाठवणाऱ्याची दहा मिनिटंही वाचली. वाचणाऱ्याचा तास मात्र तसाच राहिला. 'कर्ल' हे अब्जावधी उपकरणांत बसलेलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४च्या जानेवारीतच यावर जाहीरपणे लिहिलं होतं: मशिनने रचलेले, ऐकायला भारदस्त पण मुळात खोटे सुरक्षा-दोषांचे अहवाल तपासण्यात त्यांचे तास चालले होते.

म्हणून नव्याने येणाऱ्याला माझं म्हणणं असं, की ओपन सोर्समध्ये कोड लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही; वाचणाऱ्यांचा, तपासणाऱ्यांचा आहे. ज्याच्या येण्याने मेंटेनरचा एक तास वाचतो त्याचं स्वागत होतं. मग त्याला सी प्लस प्लस येवो की न येवो.

लिबरऑफिसचंच पाहा. ओपनऑफिसपासून २०१०मध्ये फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर, सरकारी कचेऱ्यांपासून छापखान्यांपर्यंत वापरलं जाणारं. त्याचा कोड प्रचंड आणि जुना, त्यामुळे पहिल्या दिवशी हात घातला तर बोटं भाजतात. पण समजा तुमच्याकडचा एखादा मराठी दस्तऐवज जुन्या आवृत्तीत नीट दिसायचा आणि नव्या आवृत्तीत त्यातल्या तक्त्याची शेवटची ओळ गायब होते. शंभरातले नव्व्याण्णव जण चरफडत दुसरं काही वापरायला लागतात. शंभरावा तक्रार नोंदवतो, आणि तीही बहुधा 'टेबल नीट दिसत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा' अशी. ही तक्रार निरुपयोगी आहे. कुठली आवृत्ती, विंडोज की लिनक्स, कुठला फाँट, काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, हे सगळं मेंटेनरने उलट विचारायचं, तुम्ही आठवड्याने उत्तर द्यायचं. त्याऐवजी तीस पानांचा दस्तऐवज छाटत छाटत तीन ओळींवर आणा, अशा तीन ओळी की ज्या उघडल्या की दोष हमखास दिसतो. मूळ फाइलमधली खासगी माहिती त्यातच गळून पडते. एवढ्यानेच निम्मं काम झालं.

उरलेल्या निम्म्यासाठी लिबरऑफिसवाल्यांनी एक फार सुंदर सोय केलेली आहे. तिला 'बायबायसेक्ट' म्हणतात. प्रकल्पाच्या इतिहासातल्या हजारो टप्प्यांवरच्या तयार, चालत्या प्रती एका गिट भांडारात साठवलेल्या असतात. काही कंपाइल करायचं नाही. भांडार उतरवून घ्यायचं (काही जीबी असतं, कॉलेजच्या वायफायचा इथे उपयोग करावा), आणि मधोमधची प्रत उघडून आपली तीन ओळींची फाइल पाहायची. दोष दिसला तर आधीचा अर्धा भाग घ्यायचा, नाही दिसला तर नंतरचा. पुन्हा त्याच्या मधोमध. दरवेळी शोध निम्मा होतो, त्यामुळे १,०२४ प्रती असल्या तरी दहा वेळा उघडून पाहिलं की दोष नेमक्या कुठल्या बदलाने शिरला ते सापडतं. तो बदल करणाऱ्याचं नाव, तारीख, कारण, सगळं तिथे लिहिलेलं असतं. ही माहिती जोडलेली तक्रार आली की एरवी महिनोन्महिने पडून राहणारा दोष कधी कधी दोन दिवसांत सुटतो. कोडची एक ओळ न लिहिता हे करता येतं. संध्याकाळभराचं काम आहे, आणि गुप्तहेरकथा आवडणाऱ्याला तर यात विशेष मजा.

यातून पुढचा प्रश्न येतो: कुठला प्रकल्प निवडावा? गिटहबवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावलेली सोपी कामं असतात आणि सगळ्या शिकवण्या तिथेच बोट दाखवतात. परिणामी मोठ्या प्रकल्पांतल्या अशा प्रत्येक कामाखाली 'प्लीज असाइन मी' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली असते. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते सॉफ्टवेअर कधी वापरलेलंही नसतं. मला ही वाटच उलटी वाटते. स्वतः रोज वापरतो त्यात काय खटकतं, तिथून निघावं. आणि मराठीत संगणक वापरणाऱ्याला खटकणाऱ्या गोष्टींची काय कमी?

आपल्या 'दुसऱ्या'मधला अर्धा र घ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मराठी माणूस डोळे मिटून सांगेल. संगणकात हा र दोन प्रकारांनी लिहिलेला आढळतो: एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, दुसरा, साधा र, हलन्त, न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात ते समान नाहीत. म्हणजे एका पद्धतीने टाइप केलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधा शोध तो शब्द या मजकुरात नाहीच असं सांगू शकतो. म्युनिक किंवा सिएटलमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमरला हे सात जन्मांत दिसणार नाही. त्याची चूकही नाही. आपण दोन ओळींचं उदाहरण, अपेक्षित निकाल आणि कारण लिहून पाठवलं तर तो दुरुस्त करतो, आणि पुष्कळदा आभारही मानतो.

भाषांतराचंही तसंच. बहुतेक प्रकल्पांच्या पडद्यावरची वाक्यं पीओ नावाच्या साध्या फाइलमध्ये असतात आणि ती वेबलेटसारख्या साधनांत ब्राउझरमधूनच भाषांतरित करता येतात. आता इंग्रजीत एकच वाक्य असतं, 'अमुक काढून टाकलं', आणि अमुकच्या जागी सॉफ्टवेअर ऐन वेळी नाव भरतं. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही. मराठीत फाइल काढली जाते, फोल्डर काढला जातो, चित्र काढलं जातं. भाषांतरकार कितीही हुशार असला तरी त्या एका वाक्यातून तीन क्रियापदं निघणार नाहीत. इथे खरं योगदान भाषांतर करण्यात नसून मूळ प्रोग्रॅमरला हे सांगण्यात आहे, की या वाक्याची तीन वाक्यं करा. ते केलं की हिंदी, पोलिश, अरबी अशा कितीतरी भाषांची अडचण एकदम सुटते.

पुण्यात या कामाची परंपरा आहे, हे नव्या मुलांना माहीत नसतं. रेड हॅटने २००४ साली 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले आणि पुढे बरीच वर्षं कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीतून भारतीय भाषांचं पुष्कळ काम झालं. 'ग्नूनिफाय' नावाचा मेळा सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षं भरत असे; आज चाळिशीत असलेल्या कितीतरी मराठी प्रोग्रॅमरांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते तिथल्या एखाद्या वर्गात. मुंबईत आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही बोलून ठेवले आहेत. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजीचा धसका आहे त्याने तिथून सुरुवात केलेली बरी.

इंग्रजीचा धसका हे मोठं प्रकरण आहे, आणि तो नुसता भाषेचा नसतो. गेल्या वर्षी पुण्यात रविवारी सकाळी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवख्यांची बैठक होती, तिथे बसलो होतो. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन मागच्या बाकावरच्या अनुभवी प्रोग्रॅमरकडे आली. चेहरा पडलेला.

"दादा, त्यांनी चौदा कमेंट टाकल्यात. म्हणजे रिजेक्टच ना?"

त्याने स्क्रीन वर-खाली केला. "अगं, चौदा कमेंट लिहायला त्या माणसाने तुझ्यावर तास घातलाय. नको असतं तर एका ओळीत बंद केलं असतं. आणि ह्या नऊ बघ, सगळ्या 'निट' आहेत. बारीकसारीक. स्पेस, नावं, स्वल्पविराम."

"मी त्यांना रिस्पेक्टेड सर लिहिलं होतं."

"तो सर नाहीये. त्याला नावाने हाक मार. पण हे इथे बघ, त्याने विचारलंय, हा बदल का केला? त्याचं उत्तर तू दिलंच नाहीयेस."

ती म्हणाली, "मला वाटलं ते रागावलेत."

'का केला?' हा आपल्याकडे रागाचा प्रश्न असतो. वर्गात कुणी तो विचारला की मान खाली घालायची, एवढंच शिकवलेलं. रिव्ह्यूमध्ये तो साधा प्रश्न असतो आणि बऱ्याचदा विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच माहीत नसतं. त्या दोघांनी पुढचा अर्धा तास तिच्या बदलाचं कारण तीन वाक्यांत लिहिण्यात घालवला. कोड तसाच राहिला.

ज्यांना ही सगळी रीत एकदा पायरीपायरीने करून पाहायची असेल त्यांच्यासाठी गिटच्याच दस्तऐवजांत एक धडा आहे. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आज बहुतेक प्रकल्प त्यावर चालतात. 'माझं पहिलं योगदान' नावाच्या त्या धड्यात गिटला 'प्सुह' अशी एक नवी आज्ञा जोडायला लावतात. पुश लिहिताना बोट घसरल्यासारखं नाव, उपयोग शून्य. पण ती जोडताना कोड कंपाइल करणं, चाचणी लिहिणं, कारण मांडणं, पॅच ईमेलने पाठवायला तयार करणं, आक्षेप आल्यावर दुसरी आवृत्ती पाठवणं, सगळं होतं, आणि कुणाच्याही खऱ्या रीडमीला हात लागत नाही. खऱ्या कोडआधी हे करावं. हौशी नाटकात नव्या मुलाला आधी प्रॉम्प्टिंगची वही देतात, तसं.

रीडमीत नाव घुसडायची गरज नाही; खऱ्या बदलाखाली नाव लागतंच. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं. ही प्रथा २००४ची. त्याआधीच्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा करत आयबीएमला कोर्टात खेचलं होतं. तेव्हापासून ती ओळ म्हणजे शपथपत्र असतं: हे मला देण्याचा अधिकार आहे आणि याची जबाबदारी माझी. एआयकडून लिहून घेतलेला, स्वतःला न समजलेला कोड पाठवणाऱ्याने ही ओळ कशाच्या बळावर लिहायची, यावर सध्या बऱ्याच प्रकल्पांत वाद चालू आहेत.

पैशाचं बोलायलाच हवं. 'हौसेने करा, शिकायला मिळतं' हा उपदेश ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आणि रात्रीचे मोकळे तास आहेत त्याला ठीक आहे. सहाची एसटी पकडून गावी परतणाऱ्या, घरी गेल्यावर स्वयंपाकाला हात लावणाऱ्या मुलीला तो कसा लागू पडणार? या बाबतीत दोन उपक्रम माहीत असावेत. गूगलचा 'समर ऑफ कोड' २००५पासून चालतो, त्यात निवड झालेल्यांना मानधन मिळतं, आणि २०२२पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही दार उघडं आहे. दुसरा 'आउटरीची'. ग्नोम प्रकल्पात बायका जवळजवळ नाहीतच हे जाणवून २०१० साली सुरू झालेला, आता ज्यांना या क्षेत्रात डावललं जातं अशा सगळ्यांसाठी. तीन महिन्यांचे सात हजार डॉलर मिळतात. दोन्हीकडे निवडीआधी प्रकल्पात प्रत्यक्ष काही करून दाखवणं फायद्याचं ठरतं. आउटरीचीत तर तशी अटच आहे. आपल्या जवळचं म्हणाल तर मुंबईच्या फ्रॅप्पेचं 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेब आणि कारखान्यांचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला बिल कसं हवं असतं हे जिला घरातून माहीत आहे, तिला तिथे बोलण्यासारखं पुष्कळ असेल.

बदल पाठवल्यावर बहुतेक वेळा पहिल्यांदा काहीच होत नाही. शांतता. नवखे इथेच गळतात. कर्नलमध्ये नव्या आवृत्तीची चक्रं साधारण नऊ-दहा आठवड्यांची असतात आणि नवे बदल घ्यायची मुदत त्यातले पहिले दोनच आठवडे. भलत्या वेळी गेलेला पॅच पडून राहतो, त्यात तुमचा दोष नसतो. पोस्टग्रेसमध्ये तपासणीचे ठरावीक हंगाम असतात, तिथे नाव नोंदवून ठेवावं लागतं. एक-दोन आठवडे थांबावं, मग एकदा, एका ओळीत, आठवण करावी. पोस्टग्रेसवाले तर स्वतःचा पॅच देणाऱ्याने दुसऱ्या कुणाचातरी एक तपासावा अशी अपेक्षाच ठेवतात. तेव्हा थांबायचंच आहे तर यादीतला कुणाचा तरी पॅच उचलून आपल्या यंत्रावर चालवून पाहावा, आणि चालला की नाही ते त्याखाली लिहावं.